१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या कोण आहे?

डोंबिवलीची शिकवणी

नमस्कार मंडळी. मी डोंबिवली पूर्वेला पाचवी ते आठवीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. मंगळवारी सातवीला वर्गसंख्यांचा सराव दिला होता. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, एवढं आम्ही फळ्यावर केलं. एक मुलगी मात्र तिथे थांबली नाही. वहीच्या मागच्या पानावर ती एकेक १ वाढवत गेली आणि नऊ एकांपाशी पोचली. १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक, नऊपर्यंत चढलेले आणि तसेच खाली उतरलेले. पानभर गुणाकार आणि खाडाखोड एकही नाही.

मग तिने विचारलं, "टीचर, ही संख्या कोण आहे?" किती आहे असं नाही, कोण आहे. मागच्याच आठवड्यात मी २८ ला परिपूर्ण संख्या का म्हणतात ते सांगितलं होतं: स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज पुन्हा २८ च येते. त्यामुळे इतक्या देखण्या संख्येला नाव असणारच, अशी तिची खात्री होती.

मी सुचेल ते सांगितलं. विषम आहे, संयुक्त आहे, पूर्ण वर्ग आहे, उलटी वाचली तरी तीच राहते. घरी येऊन शोधलं तर नाव खरंच निघालं: डेम्लो संख्या. आणि हे डेम्लो म्हणजे आमचं डोंबिवली स्टेशन! गणिती दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांना या संख्यांचा अभ्यास करायची कल्पना तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेच्या याच स्टेशनावर सुचली, म्हणून हे नाव. सव्वीस वर्षं मी या फलाटांवरून ये-जा करतेय आणि हे मला आत्ता कळतंय. वाचताना अंगावर काटा आला.

पण दुसऱ्या दिवशी ती मुलगी हिरमुसून आली. तिने दहा एक घेतले होते आणि उत्तर आलं १२३४५६७९००९८७६५४३२१. मधे दोन शून्यं आणि डावीकडचा ८ गायब. "टीचर, बिघडली," म्हणाली. मी गुणाकार दोनदा तपासला, बरोबर आहे.

तर जाणकारांनी सांगावं. दहाला हे का मोडतं, हे सातवीच्या मुलांना कळेल असं कसं समजावू? आणि त्या नऊ एकांच्या वर्गाबद्दल तिला आणखी काय सांगता येईल? "विषम आणि संयुक्त" एवढ्यावर तिची बोळवण करायची नाहीये.

नाशिकचा मास्तर

ताई, त्या मुलीला माझे आशीर्वाद सांगा. मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. "ही संख्या कोण आहे" असं विचारणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच भेटली.

आधी मोडण्याचं बघू. चौकटीच्या वहीत १११११११११ चा स्वतःशी गुणाकार उभा मांडायला सांगा. नऊ ओळी येतील, प्रत्येक ओळ म्हणजे तेच नऊ एक, फक्त एकेक घर डावीकडे सरकलेले. आता उभे रकाने मोजा. उजवीकडच्या टोकाला एक १, पुढच्या रकान्यात दोन, मग तीन, मधल्या रकान्यात नऊ आणि तिथून पुन्हा उतरण. कुठेही हातचा नाही, म्हणून रकान्यांची मोजणीच उत्तर होऊन समोर येते. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात दहा जमतात. शून्य लिहायचा, हातचा एक. शेजारच्या रकान्यात नऊ होते, तेही दहा झाले, पुन्हा शून्य आणि हातचा एक. त्यापुढे आठ होते, ते नऊ झाले आणि हातचा संपला. म्हणून दोन शून्यं आली आणि डावीकडचा ८ नाहीसा झाला. मुलांना हे हाताने करू द्या. हातच्याचं असं स्पष्ट दर्शन दुसऱ्या कुठल्या उदाहरणात होत नाही.

आता अवयव. अंकांची बेरीज नऊ, म्हणून १११११११११ ला ९ ने भाग जातो आणि उत्तर येतं १२३४५६७९. यातही ८ नाही, बघितलंत? या १२३४५६७९ चे मूळ अवयव दोनच, ३७ आणि ३३३६६७. म्हणून तुमची संख्या म्हणजे ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार. तिला बरोबर ४५ विभाजक आहेत. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषम असते, तसं इथेही झालं. ती २८ सारखी परिपूर्ण नाही. स्वतःला सोडून उरलेल्या ४४ विभाजकांची बेरीज ६६०८६००६०५१७३२५८ येते, म्हणजे संख्येच्या अर्ध्याहून थोडी जास्त. ही बेरीज संख्येपेक्षा कमी भरली की तिला न्यून संख्या म्हणतात.

यातला ३३३६६७ माझा फार लाडका आहे. १ ला ३३३६६७ ने भागलं तर दशांशात ०००००२९९७ हा नऊ अंकांचा गट अखंड फिरत राहतो. नऊ अंकी आवर्तन देणारी मूळ संख्या अख्ख्या संख्याविश्वात ही एकच.

आता खरी ओळख. कापरेकरांनी संख्यांच्या ज्या जाती सांगितल्या, त्यांच्याच कसोट्या या संख्येला लावून बघूया. ते १९०५ साली डहाणूला जन्मले, फर्ग्युसनमध्ये शिकले, १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. पुढे १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते. आमच्या नाशिकचं ते भूषण. लोकांना त्यांचा ६१७४ हा स्थिरांक माहीत असतो, बाकीचं काम फारसं माहीत नसतं.

पहिली कसोटी हर्षद. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने ज्या संख्येला निःशेष भाग जातो ती हर्षद, हर्ष देणारी. तुमच्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. भाग जातो आणि उत्तर येतं १५२४१५७८९९७१०४१, जे स्वतः १२३४५६७९ चा वर्ग आहे. उत्तीर्ण.

दुसरी कसोटी स्वयंभू. कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या जन्मते. २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४ जन्मतो. अशी जी कोणापासूनच जन्मत नाही, उदाहरणार्थ २०, ती स्वयंभू. तुमची संख्या स्वयंभू नाही. तिची जननी १२३४५६७८९८७६५४२४० आहे. या जननीच्या अंकांची बेरीजही ८१ च! ते ८१ मिळवले की १२३४५६७८९८७६५४३२१. जननी एवढी एकच, दुसरी सापडणार नाही. मी काल रात्री शेवटचे तीन अंक एकेक करून तपासले.

तिसरी कसोटी मी सांगत नाही, मुलांना करू द्या. १२१ चे शेवटचे दोन अंक तोडा आणि उरलेल्यात मिळवा: १ आणि २१, उत्तर २२. मग १२३२१ चे शेवटचे तीन तोडा, कारण तो तीन एकांचा वर्ग आहे. असं नऊपर्यंत न्या. आणि त्यानंतर त्या "बिघडलेल्या" संख्येचे शेवटचे दहा अंक तोडून मिळवा. काय आलं ते इथे कळवा.

आकडेमोड्या

मी लेखा विभागात आहे, दिवसभर एक्सेलच उघडं असतं. हे वाचून १२३४५६७८९८७६५४३२१ टाइप केलं, तर घरात उमटलं १२३४५६७८९८७६५४३००. शेवटचा २१ खाल्ला! एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच संख्या नेमकी ठेवतं, पुढे शून्यं भरतं. शिकवणीत संगणक वापरत असाल तर हे लक्षात असू द्या, नाहीतर मुलांना वाटेल त्यांचंच चुकलं. आधी अवतरणचिन्ह टाकून मजकूर म्हणून लिहिली तर दिसते नीट, पण मग तिच्यावर नेमकी आकडेमोड होत नाही.

ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टमध्येही करून पाहिलं, तिथे शेवटी ३२१ ऐवजी ३२० येतं. कारण २ चा ५३ वा घात ९००७१९९२५४७४०९९२ आहे. तिथपर्यंतचीच प्रत्येक पूर्ण संख्या त्या पद्धतीत नेमकी मावते, त्याच्या पुढे दुपटीपर्यंत फक्त सम संख्या मावतात. आपली संख्या त्या रेषेच्या पलीकडे आहे आणि विषम आहे, म्हणून तिच्या शेजारची सम संख्या मिळते. पायथनमध्ये मात्र अचूक येते.

ताम्रपट

मास्तर, सुंदर लिहिलंत. थोडी इतिहासाची भर.

हा खेळ कापरेकरांच्या हजारेक वर्षं आधी आपल्याच दख्खनमध्ये खेळला गेला होता. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, म्हणजे नवव्या शतकात, महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले. त्यांच्या गणितसारसंग्रहात १२३४५६५४३२१ ही संख्या येते आणि तिचं वर्णन असं की एकापासून सुरू होऊन सहापर्यंत जाते आणि मग क्रमाने उतरते. म्हणजे त्या मुलीच्या माळेतला सहावा मणी. माळ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. ज्यांचं उत्तर दोन्हीकडून सारखं येतं अशा गुणाकारांकडे त्यांनी गळ्यातल्या अलंकारासारखं पाहिलं. १३९ गुणिले १०९ बरोबर १५१५१. १५२२०७ गुणिले ७३ बरोबर ११११११११. १२३४५६७९ गुणिले ९ सुद्धा त्यांच्याकडे आहे.

सहाव्या मण्यासाठी त्यांनी २७९९४६८१ ला ४४१ ने गुणलंय. हे दोन्ही पूर्ण वर्ग आहेत, ५२९१ चा आणि २१ चा. आणि ५२९१ गुणिले २१ करून बघा, सहा एक येतात.

दुसरं, ही संख्या मुलांना वाचायला शिकवा ताई. लीलावतीत भास्कराचार्यांनी स्थानांची अठरा नावं दिली आहेत: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. आपल्या संख्येत सतरा अंक, म्हणजे ती परार्धाच्या एकच पायरी अलीकडे थांबते. एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. मोठ्याने म्हणून पाहा. माझ्या आजोबांनी आम्हाला ही नावं परवच्यासोबत म्हणायला लावली होती, त्यांचा उपयोग आज झाला.

काटकोन

एक त्रिकोण देतो. अवयवांमध्ये ३७ आहे ना, त्याला ४ ने भागलं तर बाकी १ उरते. अशी मूळ संख्या नेहमी काटकोन त्रिकोणाचा कर्ण होऊ शकते. १२, ३५, ३७ हे त्रिकूट प्रसिद्ध आहे. १११११११११ म्हणजे ३७ गुणिले ३००३००३. तिन्ही बाजूंना ३००३००३ ने गुणलं की त्रिकोण मिळतो:

३६०३६०३६, १०५१०५१०५, १११११११११.

म्हणजे आपली संख्या ३६०३६०३६ आणि १०५१०५१०५ यांच्या वर्गांची बेरीज आहे. बाकीचे दोन मूळ अवयव, ३ आणि ३३३६६७, यांना ४ ने भागलं की बाकी ३ उरते. त्यामुळे पूर्ण संख्यांच्या बाजूंचा असा त्रिकोण एवढा एकच बनतो. बाजू किती लयीत आहेत ते बघा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं होतं.

डोंबिवलीची शिकवणी

सगळ्यांचे मनापासून आभार. आज वर्ग झाला आणि लगेच लिहायला बसलेय.

चौकटीच्या वहीतला उभा गुणाकार सगळ्यांनी केला. मुलांनी रकाने रंगवले, आणि तो नऊ एकांचा मधला रकाना खांबासारखा उभा राहिला. दहाच्या वेळी हातचा दोन घरं पुढे कसा सरकतो ते एका मुलाने पुढे येऊन सगळ्यांना समजावलं, मला बोलावंच लागलं नाही. मध्य, अंत्य, जलधी तर आता घोष झालाय, जिन्यावरून उतरताना म्हणत होते.

मास्तर, तुमची तिसरी कसोटी. फळ्यावर हे आलं:

१ + २१ = २२
१२ + ३२१ = ३३३
१२३ + ४३२१ = ४४४४
१२३४ + ५४३२१ = ५५५५५

चौथ्या ओळीनंतर वर्गात कोणी जागेवर बसायला तयार नव्हतं. शेवटी १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१, बेरीज ९९९९९९९९९. मग मी त्या मुलीलाच फळ्यापाशी बोलावलं आणि तिची दहा एकांची संख्या लिहायला सांगितली. तिने शेवटचे दहा अंक तोडले. डावीकडे उरले १२३४५६७९०, उजवीकडे ०९८७६५४३२१. बेरीज करत गेली: एक, एक, एक... दहा एक आले. ११११११११११. जिचा वर्ग केला होता तीच संख्या परत!

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "टीचर, बिघडली नव्हती."

मला पुढे बोलता येईना. आता हे का होतं ते सांगा मास्तर. उद्या ती विचारणारच.

नाशिकचा मास्तर

ताई, मला वाटलं होतं मुलं नऊपर्यंत जातील आणि दहाचं मलाच सांगावं लागेल. मजकूर वाचून हिला हाक मारली आणि तिलाही वाचून दाखवला.

तुमच्या विद्यार्थिनीला कापरेकर संख्या सापडली आहे. वर्ग करायचा, त्याचे दोन तुकडे करायचे, तुकड्यांची बेरीज मूळ संख्येइतकी आली तर ती कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ म्हणजे ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. ११११११११११ ही तशीच. डेम्लोची माळ जिथे तुटली असं तिला वाटलं, नेमकं तिथे कापरेकरांचीच दुसरी जात सुरू होते.

कारण असं. संख्येचे शेवटचे तीन अंक तोडून उरलेल्यात मिळवले, तर मूळ संख्येतून ९९९ च्या पटीत काहीतरी कमी होतं, कारण हजाराच्या जागी आपण एक धरला. म्हणजे तोडून मिळवल्याने ९९९ ने भागल्यावरची बाकी बदलत नाही. मुलांना ९ ची कसोटी येते, तिथेही अंक मिळवताना आपण हेच करतो. तीच युक्ती मोठ्या तुकड्यांवर.

आता ९९९ म्हणजे १११ ची नऊपट. तुमच्याकडे १११ गुणिले १११ आहे, म्हणजे १११ वेळा १११. नऊ-नऊ वेळांचे गट ९९९ मध्ये जिरून जातात. १११ ला ९ ने भागलं तर बाकी ३, म्हणजे तीन वेळा १११ उरला: ३३३. चार एक घेतले तर बाकी ४, म्हणून ४४४४. जितके एक, तितकी अंकांची बेरीज, तितकी बाकी. नऊ एकांना बाकी शून्य, सगळंच जिरतं. पण दोन तुकड्यांची बेरीज काही शून्य होऊ शकत नाही, म्हणून तिथे पूर्ण ९९९९९९९९९ दिसतात. ताळा करायचा असेल तर १२३४५६७८९८७६५४३२१ ला ९९९९९९९९९ ने भागायला सांगा, बरोबर १२३४५६७९ येईल. आणि दहा एकांना ९ ने भागल्यावर बाकी १. एकच वेळा उरली, म्हणून ती स्वतःच परत आली.

हे एवढ्यावर संपत नाही. एकोणीस घेतलं तरी बाकी १ च राहते. म्हणून एकोणीस एकांची संख्याही कापरेकर संख्या आहे. अठ्ठावीस एकांचीही. एकोणिसाची आणखी एक गंमत आहे. फक्त एकांनी बनलेल्या संख्या बहुतेक संयुक्त असतात. दहा एकांचे मूळ अवयव ११, ४१, २७१ आणि ९०९१ आहेत. ११ मूळ आहे, पण त्यानंतर पुढची मूळ संख्या मिळते ती थेट एकोणीस एकांची, मग तेवीस एकांची, आणि त्यानंतर ३१७ एकांपर्यंत कोणीच नाही. तर १११११११११११११११११११ ही मूळही आहे आणि कापरेकरही.

तिला म्हणावं तिचा वर्ग हातानेच कर. सदतीस अंक येतील, आडवी वही घ्यावी लागेल.

डोंबिवलीची शिकवणी

सांगितलं. तिने आलेख वहीची दोन पानं चिकटवून घेतली आहेत, ओळी मांडून झाल्या. हातचे कुठे दोन अंकी होतात का, ते आज शोधतेय.